ब्लॅनफर्ड यांची मुंबई परिसरातील भूवैज्ञानिक पाहणी : एक पुनर्मूल्यांकन

विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड (1832-1905) हे नाव प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेचे संपादक म्हणून परिचित आहे. मात्र 1855 साली ते भारतात आले ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सेवेत. पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप खडकांविषयीचा त्यांचा 1867 चा प्रबंध इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाचावा अशा योग्यतेचा आहे.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलच्या बाजूस उतरल्यावर ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलू लागतात. या कलावरून ब्लॅनफर्ड यांनी अनुमान काढले, की मुंबई परिसरातील खडक समुद्रसपाटीलगत असले तरी थरांच्या क्रमात ते सर्वांत वरचे, म्हणजेच सर्वांत तरुण होत. मेडलिकॉट यांच्यासमवेत लिहिलेल्या 1879 च्या ग्रंथातही मुंबईचा समावेश 'वरच्या ट्रॅप'मध्येच आहे. ज्या किरणोत्साराच्या आधारे खडकांचे वय मोजता येते, त्याचा शोध 1896 चा. तोपर्यंत अशा विधानाची परीक्षा घेण्याचे साधनच नव्हते.

ती परीक्षा 2001 मध्ये झाली. हेतु शेठ, कांचन पांडे व रजनीश भुतानी यांनी साकीनाका व मनोरी येथील ट्रॅकाइट खडकांचे आर्गॉन पद्धतीने कालमापन केले. वय आले 6 कोटी 4 लाख ते 6 कोटी 18 लाख वर्षे. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे वयही सुमारे 6 कोटी 5 लाख वर्षे निघाले. घाटातील मुख्य उद्रेक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे ब्लॅनफर्ड यांनी लावलेला क्रम बरोबर ठरला. परंतु 'वरचा थर' या शब्दात जे सातत्य गृहीत आहे, ते टिकत नाही. दोहोंमध्ये काही दशलक्ष वर्षांचे अंतर असून मुंबईचा ज्वालामुखी हा उशिराचा, स्वतंत्र टप्पा मानावा लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही दुरुस्ती मूळ निरीक्षणाचे मोल कमी करीत नाही. (गिल्बर्ट हिल 6 कोटी 60 लाख वर्षांची असल्याचे वृत्तपत्रांतून आजही छापले जाते, हा भाग वेगळा.)

वाकोल्याहून साकीनाका काही किलोमीटरवर आहे. तेथे आज खडकापेक्षा इमारतीच अधिक दिसतात. गिल्बर्ट हिलला 2007 मध्ये महापालिकेचा वारसा दर्जा मिळाला. उपनगरांतील बुजलेल्या दगडखाणींना मात्र तसे संरक्षण नाही, आणि पुढील कालमापनाचे नमुने अशाच उघड्या खडकांतून घ्यावे लागतात.