वाट चुकल्यावरचा वाटाड्या

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून निघाली की तिचा पुढला मुक्काम लोणी काळभोर येथे पडतो. त्याच दिवशी आळंदीची माउलींची पालखीही पुणे सोडते. हडपसरपर्यंत दोन्ही पालख्यांचा मार्ग एकच. तेथून मात्र माउली दिवे घाट चढून सासवडास जातात आणि तुकोबा सोलापूरच्या रस्त्याने लोणीस येतात. लक्षावधी माणसांच्या त्या लोंढ्यात एखादी सत्तरीची वृद्धा हडपसरच्या फाट्यावर आपल्या मंडळींपासून दुरावली आणि सासवडाऐवजी लोणीस येऊन ठेपली, तर तिचे काय होत असेल, असा प्रश्न परक्या माणसास पडावा. वारकऱ्यास तो फारसा पडत नाही. आपली दिंडी रथापुढची की रथामागची आणि तिचा क्रमांक कोणता, एवढे त्या वृद्धेस तोंडपाठ असते. आणि तेवढ्या खुणेवर तिला तिच्या माणसांत पोहोचविता येते.

हल्ली आगगाडीची, विमानाची तिकिटे हातातल्या फोनवर निघतात, धर्मशाळेपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत सर्व काही घरबसल्या ठरविता येते. मग प्रवासाची आखणी करून देणाऱ्या मध्यस्थास पैसे का मोजावे, असे सुशिक्षित कुटुंबांतही सर्रास विचारले जाते. प्रश्न गैर नाही. परंतु तो सुखरूप पार पडलेल्या प्रवासाकडे पाहून विचारलेला असतो. जो प्रवास बिनबोभाट झाला त्यात वाटाड्याचे काम दिसतच नाही. ते पाहावयाचे असेल तर फसलेल्या प्रवासांचा इतिहास चाळला पाहिजे.

वारीचेच उदाहरण पुढे चालवू. माउलींच्या पालखीत मुक्कामाच्या तळावर सायंकाळी समाजआरती होते. दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगांचा गजर चालू असतो. चोपदाराने चोप उंच केला की तो सारा गजर थांबतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, ऐकून घेतो व निवाडा होतो. दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. त्यानंतरच आरती. दिवसाची चूक दिवस मावळण्यापूर्वी कोणाच्या तरी कानांवर घालता यावी, आणि ऐकणाऱ्यास तिचा निकाल लावण्याचा अधिकार असावा, ही योजना ज्याने केली त्याने प्रवास पुष्कळ पाहिला असला पाहिजे, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे.

पालखीची ही लष्करी शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिली असे मानतात. हे गृहस्थ शिंद्यांच्या चाकरीत होते. ग्वाल्हेरीहून द्रव्य घेऊन गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांस पकडून गुहेत कोंडले, तेथे ते हरिपाठ म्हणत राहिले आणि अखेर सुटून आळंदीस आले, अशी कथा परंपरेने सांगतात. कथेतला चमत्काराचा भाग ज्याने त्याने हवा तसा घ्यावा. आमचे लक्ष वेधते ते एवढेच, की ज्यांचा स्वतःचा प्रवास सातपुड्यात बुडाला असे लोक सांगतात, त्यांनीच महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रवास बांधून दिला.

त्याच सातपुड्यावरून १८५७ साली विष्णुभट गोडसे उत्तरेस गेले. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक. घरी कर्ज, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार अशी वार्ता. दक्षिणा मिळेल ह्या आशेने काका-पुतणे निघाले. महूच्या आसपास शिपायांनीच त्यांस येऊ घातलेल्या बंडाची कुणकुण दिली. तरी ते पुढे गेले. पुढची हकीकत, १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकामुळे, मराठी वाचकांस ठाऊक आहे. १८५८ च्या एप्रिलात सर ह्यू रोजच्या फौजेने झाशी घेतली तेव्हा हे दोघे शहरातच होते. कष्टाने जमविलेली दक्षिणा लुटीत गेली. काशीची गंगा तेवढी कावडीतून घरी पोहोचली.

गोडशांस इशारा मिळाला नव्हता असे नाही. मिळाला होता, आणि तोही ज्यांस आतली बातमी असणार अशा माणसांकडून. पण इशारा देणारा शिपाई आपल्या वाटेने निघून गेला. मागे फिरलो तर कर्जाचे काय, पुढे गेलो तर कोणत्या गावी उतरावे, ह्याचा विचार त्याने करावयाचा नव्हता. नुसती बातमी आणि सल्ला ह्यांत हाच भेद आहे. गोडशांस जगविले ते झाशीत व पुढे ठिकठिकाणी आसरा देणाऱ्या महाराष्ट्रीय घरांनी, म्हणजे ज्यांना त्यांचे गाव आणि कूळ सांगून दार ठोठावता येत होते अशांनी.

ह्याच गरजेतून तीर्थोपाध्यायांची संस्था वाढली. काशी, प्रयाग, गया, नाशिक येथील उपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या कुळांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. यात्रेकरू गावी उतरला की आडनाव व गाव विचारून त्याचा उपाध्याय त्यास ओळखी. उतरण्याची सोय तो करी, आजाऱ्याची व्यवस्था पाही, आणि कोणी परगावी दगावला तर त्याचे अंत्यविधी बेवारशासारखे होऊ देत नसे. ह्या मंडळींच्या लोभीपणाच्या गोष्टी प्रत्येक घरात सांगतात, आणि त्या सर्वच खोट्या नाहीत. गयेस जाऊन आलेल्या वडीलधाऱ्यांस विचारावे. परंतु लोभी असला तरी उपाध्याय जागेवर सापडे. यजमानास फसविले तर पुढच्या पिढीचा यजमान दुसऱ्याच्या दारी जाईल, ही धास्ती त्यास असे. आजच्या फोनवरील तिकीटविक्रेत्यास आपले आजोबा कोण हे माहीत नसते, आणि आपला नातू त्याच्याकडे येईल अशी अपेक्षाही त्यास नसते.

सागरावर तर असा ओळखीचा आधारही नव्हता. १८८० च्या ऑगस्टात हजला निघालेल्या सुमारे साडेनऊशे यात्रेकरूंस घेऊन ‘जेद्दा’ ही आगबोट वादळात सापडली. बोट बुडणार असे समजून कप्तान व त्याचे अधिकारी उतारूंस तसेच सोडून होडीतून निघून गेले, आणि बोट बुडाल्याची बातमीही त्यांनी दिली. बोट बुडाली नव्हती! दुसऱ्या एका जहाजाने ती ओढून एडनला आणली. पुढे हिंदुस्थान सरकारने हजयात्रेच्या वाहतुकीचे काम टॉमस कुक ह्या विलायती कंपनीकडे सोपविले. १८४१ साली लेस्टरहून लफबरोपर्यंतच्या आगगाडीच्या सहलीने ज्याचा व्यवसाय सुरू झाला, त्याच गृहस्थाची ही पेढी. मुंबईत तिची कचेरी १८८१ पासून होती. १८८६ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था १८९३ मध्ये संपली. तिच्यात कंपनीस तोटा होत होता. ह्या प्रकरणातून दोन गोष्टी एकदमच दिसतात: उतारूंची जबाबदारी घेणारा कोणी असावा ही निकड, आणि ती जबाबदारी पदरमोड करून कोणी फार दिवस वाहत नाही हे व्यवहाराचे सत्य. सल्लागारास त्याचे शुल्क मिळावे असे आम्ही म्हणतो ते ह्यासाठीच. वारीतसुद्धा दिंडीच्या जेवणाची भिशी वारकरी आधी भरतो.

शुल्क दिले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नव्हे. तीच इंग्लंडातील टॉमस कुक कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी एकाएकी बंद पडली आणि सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत अडकले. त्यांस घरी आणण्याचे काम तेथील सरकारला करावे लागले. भारतातील त्याच नावाच्या कंपनीची मालकी २०१२ पासूनच वेगळी असल्यामुळे तिचे काम चालू राहिले. पण नाव एकच असल्याने येथल्या गिऱ्हाइकांसही ते समजावून सांगणे तिला भाग पडले. वाटाड्याच वाटेत बसला तर काय, ह्याची सोय इंग्रजांच्या कायद्यात होती: ज्यांनी सबंध सहल एकत्र विकत घेतली होती त्यांचे पैसे त्यासाठी ठेवलेल्या निधीतून परत मिळाले. प्रवासास निघण्यापूर्वी आपल्या सल्लागारास भाडे किती आणि हॉटेल कोणते हे आपण विचारतोच. त्याबरोबर, रात्री दोन वाजता गाडी चुकली तर फोन कोण उचलील, आणि तुमचेच दुकान बंद झाले तर आमचे पैसे कोणाकडे मागावयाचे, हेही विचारावे. ज्यास ह्या दोन प्रश्नांचा राग येतो त्याच्याकडून तिकीट घेऊ नये.