कोलंबियाच्या मुखाशी

आजोबांच्या अमेरिकेत दोनच गावं होती, पोर्टलंड आणि अस्टोरिया. न्यूयॉर्कशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

वर्ध्याच्या घरी पावसाची झड लागली, की ओसरीत शेगडी यायची, भुट्टे भाजायला घेतले जायचे आणि खानखोज्यांची गोष्ट निघायची. पांडुरंग सदाशिव खानखोजे आमच्या वर्ध्याचे. ऑरेगनात जाऊन शेतकी शिकले, इंग्रजांविरुद्धची गदर चळवळ उभी करणाऱ्यांत होते, पुढे मेक्सिकोत मक्यावर मोठं संशोधन केलं. डिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. एवढं पुस्तकातही आहे. बाकीचं सगळं आजोबांचं. उतारवयात खानखोजे नागपूरला राहायला आले, तेव्हा आजोबांनी म्हणे त्यांना पाहिलं होतं. कधी ते पाहणं सीताबर्डीवर घडायचं, कधी धंतोलीत. आजी आतून म्हणायची, "तुम्ही कायचं पायलं? भाऊजींनी पायलं." आजोबा काही न बोलता भुट्टा उलटा करायचे आणि लिंबू-मिठाची वाटी पुढे सरकवायचे.

"अन् त्या अस्टोरियात नदीचा पल्याडचा काठ दिसत नाही, बाप्पा!" हे वाक्य मात्र कधी बदललं नाही. ते त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे. मला धाम नदी तेवढी माहीत. काठ न दिसणारी नदी कशी असेल, याचा विचार करत मी झोपून जायची.

मुलगी पोर्टलंडला राहायला गेली आणि मी तिथे पोचल्यावर पहिला हट्ट अस्टोरियाचा धरला. गाडीने दोन तासांची वाट. काठ दिसला, पण धुकं सरल्यावर. समुद्राला मिळण्याआधी कोलंबिया नदी तिथे काही मैल रुंद होते. पलीकडच्या वॉशिंग्टन राज्यात नेणारा पूल चार मैलांहून लांब आहे, तोही १९६६ मध्ये झाला. त्याआधी सगळी ये-जा बोटीने. मुखाशी वाळूचे बांध आणि लाटा अशा, की १७९२ पासून तिथे सुमारे दोन हजार जहाजं बुडाली. आजही मोठं जहाज आत आणायचं, तर तिथली वाट जाणणारे खास वाटाडे लागतात.

गाव टेकडीच्या उतारावर आहे. चिनूक आणि क्लॅटसॉप लोकांची ही भूमी. जॉन जेकब अ‍ॅस्टरच्या कंपनीने १८११ मध्ये फरच्या व्यापारासाठी इथे ठाणं बांधलं, तेच नाव गावाला राहिलं. सपाट जागा जवळजवळ नाहीच. म्हणून लोकांनी भरती-ओहोटीच्या चिखलात लाकडी खांब रोवले आणि त्यांच्यावर रस्ते, दुकानं, कारखाने उभे केले. कारखाने मासे डबाबंद करायचे. नदीत सॅमन इतका, की हात कमी पडायचे. मग चिनी कामगार आले. डबे भरण्याचं कष्टाचं काम त्यांनीच केलं. फिनलंडचे कोळी आले आणि आज जिथे पूल सुरू होतो त्या युनियनटाउनात वसले. १८८० मध्ये गावात २,८०३ माणसं होती, १९१० मध्ये ९,५९९ झाली.

त्या साडेनऊ हजारांत आपलीही माणसं होती. गावाच्या पूर्वेला हॅमंड कंपनीची आरा मिल होती. तिथे पंजाबी कामगार लाकडं ओढत. बहुतेक शीख, पण तिथे सरसकट सगळ्यांना हिंदूच म्हणत. संध्याकाळी पोळ्या कोण लाटत असेल, डाळ कुठून येत असेल, असे बायकी प्रश्न मला तिथे उभं राहून पडले. इतिहासाच्या पुस्तकांनी हे प्रश्न जास्त विचारायला हवेत असं मला मनापासून वाटतं. या कामगारांनी पोटाला चिमटा काढून वर्गणी दिली, म्हणून गदर चळवळ उभी राहिली. पोर्टलंडच्या मिलमध्ये राबणारे सोहनसिंग भकना तिचे अध्यक्ष झाले. १९१३ मध्ये चळवळीचे पुढारी लाला हरदयाळ अस्टोरियात आले आणि सभा भरली ती फिनिश समाजवाद्यांच्या सभागृहात. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या टाचेखाली होतं. परक्या राजाखाली राहणं म्हणजे काय, हे त्या यजमानांना वेगळं सांगावं लागलं नसणार. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोहून चळवळीच्या 'गदर' या पत्राचा पहिला अंक निघाला. तळेगाव ढमढेऱ्यांचे विष्णू गणेश पिंगळे याच गदरमधले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरात कर्तारसिंग सराभांबरोबर ते फासावर गेले. पिंगळ्यांचं नाव आलं, की आजोबा थोडं थांबायचे. मग आजीच विषय बदलायची.

१९२० मध्ये गावाची वस्ती १४,०२७ वर गेली होती. १९२२ साली आरा मिल जळाली आणि त्याच डिसेंबरात अख्खी बाजारपेठ. रस्त्यांखाली खांबांची पोकळी, तिच्यातूनच आग पळत गेली. १९३० च्या गणतीत १०,३४९ माणसं उरली. मासे आटले, कारखाने बंद पडले, आणि आकडा जवळपास तिथेच राहिला. २०२० मध्ये १०,१८१. टेकडीवर १९२६ चा उंच स्तंभ आहे. त्याच्याभोवती वर चढत जाणारी चित्रकथा रेल्वेच्या आगमनापाशी संपते. आपली माणसं त्यानंतरची, त्यामुळे ती त्यात नाहीत. २०१३ मध्ये गावाने गदरची शताब्दी साजरी केली, फलक लावला. मुलीने माझा फोटो काढायला मोबाइल वर केला, पण मला आधी तो फलक शेवटपर्यंत वाचायचा होता.

युनियनटाउनात चहा प्यायला बसलो, तर शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या घरातल्या एक फिनिश आजी होत्या. त्यांनी आपल्या ताटलीतला वेणीसारखा गुंफलेला गोड पाव तोडून मला दिला. वेलदोड्याचा घमघमाट! त्यांचे आजोबा मासेमारी करायचे आणि फेटेवाल्या मल्लांच्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगायचे. कोण जिंकलं, हे दर वेळी बदलायचं म्हणे. मी लगेच भाऊजींचं आणि सीताबर्डीचं सांगून टाकलं. त्या मोठ्याने हसल्या. मग खानखोज्यांचं पुढे काय झालं म्हणून विचारू लागल्या. मी मेक्सिको सांगितलं, मका सांगितला, शेगडी, लिंबू, मीठ सगळं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, बरं झालं ते दक्षिणेला गेले, इथल्या धुक्यात मका नीट दाण्यावर येत नाही, मी किती वर्षं लावून पाहिलाय.