गेळफळ ते लवंगतेल

लकडगंजच्या वखारींत विदर्भातल्या रानांचं लाकूड आलं. त्याच रानांत गेळफळ कुटून डोहात टाकीत. मासे गुंगून वर येत. पण ती गुंगी मारणारी, बीज नेताना कामाची नाही.

१९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरींनी टोचणी देऊन रोहू-मृगळाची अंडी मिळवली. त्याआधी बीज मुख्यतः बंगालच्या नद्यांतलं. हंड्यांतून रेल्वेनं जाई, वाटेत पाणी सारखं हलवावं लागे. केवढा तो जागता प्रवास!

१९७२ साली जपानी संशोधकांनी लवंगेतल्या युजेनॉलनं गोड्या पाण्यातले मासे गुंगवून पाहिले. शांत माशाला प्राणवायू कमी लागतो. तेल आधी स्पिरिटात मिसळा, चार माशांवर अजमावा. कल्ले मंदावले की लगेच ताज्या पाण्यात सोडा. विक्रीच्या खाऊ माशाला मात्र देऊ नका.