नवा धंदा ऑनलाइन करायचा का? आधी हा हिशेब मांडा

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा पुण्यातला कोंढवा, घरातून चालणारे छोटे व्यवसाय या भागांना नवे नाहीत. कुणी अबाया शिवून देते, कुणी मसाले कुटून विकते, कुणी अत्तराच्या बाटल्या भरते. नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला आज एकच सल्ला मिळतो, "ऑनलाइन टाक ना!" सल्ला चांगला आहे, पण त्यापुढचा हिशेब कुणी सांगत नाही. घरची बचत किंवा दागिने मोडून उभे केलेले भांडवल लावण्याआधी तो हिशेब समजून घेऊ या.

माल ऑनलाइन विकण्यासारखा आहे का?

वजनाला हलका, न फुटणारा, टिकणारा आणि पुन्हा पुन्हा लागणारा माल ऑनलाइन चालतो. मसाले, शेवया, हिजाब, टोप्या, जानमाज ही त्याची उदाहरणे. ताजे जेवण फार तर आपल्या शहरापुरते. अत्तराची अडचण वेगळी. वास घेतल्याशिवाय नवा ग्राहक मोठी बाटली घेत नाही, त्यामुळे आधी छोट्या नमुना बाटल्या ठेवाव्या लागतात. शिवलेल्या कपड्यात मापाचा घोळ होतो आणि माल परत येतो. तुमचे सगळे गिऱ्हाईक दोन गल्ल्यांच्या आतच असेल, तर ऑनलाइनची घाई करण्याचे कारण नाही.

एका अबायाचा हिशेब

आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे आकडे टाकून पाहा. समजा अबायाची किंमत १,२०० रुपये आहे. कापड आणि शिलाई ७५० रुपये. घरून विकला तर हातात ४५० रुपये राहतात. तोच शॉपिंग साइटवर विकला, तर कमिशन, इतर शुल्क आणि कुरिअर मिळून २५० रुपये गेले, पॅकिंगचे २० रुपये. उरले १८०.

आता १० ऑर्डर धरा. त्यातल्या २ परत आल्या. विकलेल्या ८ नगांचे १,४४० रुपये झाले. परत आलेल्या प्रत्येक नगामागे जाण्या-येण्याचे १५० आणि पॅकिंगचे २०, म्हणजे दोन्हींचे मिळून ३४० रुपये वजा. उरले १,१००. जाहिरातीवर ५०० रुपये घातले असतील तर हातात राहिले ६००. परत आलेला एक जरी अबाया डाग लागून किंवा फाटून आला, तर त्याचे ७५० गेले आणि १० ऑर्डर करूनही १५० रुपयांचा तोटा झाला.

ज्यांचे दुकान आहे त्यांनी दुसरी बाजूही पाहावी. काउंटरवरच्या ४५० रुपयांतून भाडे आणि लाइट बिल जाते. रोज दोन-तीनच नग विकले जात असतील, तर भाड्यापेक्षा ऑनलाइनचा खर्च कमी पडू शकतो.

जीएसटीचा नियम नीट समजून घ्या

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की ही मर्यादा कामाला येत नाही. हैदराबाद किंवा सुरतच्या ग्राहकाला माल पाठवायचा असेल, तर पहिल्या ऑर्डरपासून नोंदणी हवी, मग ती ऑर्डर इन्स्टाग्रामवरून आलेली का असेना. काही हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे.

शॉपिंग साइटवर विकण्यासाठी पूर्वी छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालचे विक्रेते जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन राज्यातल्या राज्यात अशा साइटवर माल विकू शकतात. म्हणजे सुरुवात महाराष्ट्रापुरती ठेवली तर कागदपत्रांचे आणि दरवेळी विवरणपत्र भरण्याचे ओझे बरेच हलके होते.

खाण्याच्या वस्तू घरातून विकायच्या असल्या तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. पाकीटबंद मालावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख हेही हवे. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी एजंटला हजार-दोन हजार देऊ नका.

पैसे कधी येतात, कसे अडकतात?

घरी आलेली गिऱ्हाईक जागेवर पैसे देते. साइटवर पैसे काही दिवसांनी खात्यात येतात, तोपर्यंत पुढच्या कापडाचे पैसे खिशातून घालावे लागतात. कॅश ऑन डिलिव्हरीत ग्राहक दारात नको म्हणाला तर जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या माथी. आपण स्वतः पाठवणार असू, तर शहराबाहेरच्या ऑर्डरला आधी पैसे घेणे बरे.

फसवणूकही याच टप्प्यावर होते. "पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका," असे कुणी म्हटले की समजा गडबड आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

रमजानचा सीझन

वर्षाची बरीच कमाई या महिन्यात होते आणि चुकाही इथेच होतात. शेवटच्या अशऱ्यात शिलाईचे काम साचते, कुरिअर उशीर करते. ईदनंतर पोहोचलेला अबाया परतच येणार. म्हणून विसाव्या रोजानंतर बाहेरगावच्या ऑर्डर बंद आणि फक्त आपल्या शहरातल्या चालू, असे आधीच जाहीर करा.

मग सुरुवात कशी करावी?

एकदम वेबसाइट बनवण्यावर पैसे घालू नका. व्हॉट्सॲप बिझनेसवर आठ-दहा वस्तूंचा कॅटलॉग टाका. त्यात दिवसाच्या उजेडातले फोटो, इंचात मापे आणि माल बदलून देण्याचा नियम स्पष्ट लिहा. ३ महिने ऑनलाइनची वही वेगळी ठेवा. त्यात किती ऑर्डर आल्या, किती परत आल्या, कुरिअर आणि जाहिरातीवर किती गेले ते लिहा. स्वतःच्या मेहनतीचे तासही लिहा, घरातल्या बायकांचा वेळ फुकट धरला जातो आणि तोटा नफ्यासारखा दिसतो.

३ महिन्यांनी सगळा खर्च वजा करून पैसे उरत असतील आणि जुने ग्राहक पुन्हा ऑर्डर देत असतील, तर मोठ्या साइटकडे वळा. उरत नसतील तर किंमत, पॅकिंग किंवा माल बदलून पाहा. तरीही जमले नाही, तर मोहल्ल्यातली रोखीची विक्री सांभाळण्यात कसलाही कमीपणा नाही.