कृत्रिम मूत्रपिंड आणि परिचारिका

मनुष्याच्या पाठींत, कण्याच्या दोन्ही बाजूंस, मुठीएवढालीं दोन मूत्रपिंडें असतात. दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव तीं रक्तांतून गाळतात, त्यांतील लिटर-दीड लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर टाकतात आणि बाकीचा शरीरास परत देतात. हा व्यवहार बंद पडला म्हणजे विषारी द्रव्यें रक्तांत सांचूं लागतात, अंगावर सूज चढते, रोग्याची शुद्ध हरपते आणि थोड्याच दिवसांत सर्व आटोपतें. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यांपाशीं यावर खराखुरा इलाज नव्हता. पुढें ज्यांनीं यंत्र शोधून काढलें त्यांचीं नांवें ग्रंथांतून राहिलीं. ज्यांनीं त्या यंत्राच्या उशाशीं बसून रात्री काढल्या, त्यांचीं नांवें मात्र फारशीं कोणाच्या वाचनांत येत नाहींत.

या इतिहासाचा आरंभ हॉलंडांतील कांपेन या लहानशा गांवीं झाला. देश जर्मनांच्या ताब्यांत होता. औषधें, धातू, रबर, कशाचाच भरंवसा नव्हता. अशा दिवसांत डॉ. विलेम कोल्फ या तरुण वैद्यानें मांसाच्या वळकट्यांना वेष्टण म्हणून वापरण्यांत येणारी सेलोफेनची नळी घेतली, ती लांकडी पट्ट्यांच्या पिंपाभोंवतीं गुंडाळली आणि तें पिंप मिठाच्या पाण्याच्या टाकींत फिरत ठेविलें. नळींतून रक्त वाही, नळीबाहेर पाणी असे, आणि विषारी द्रव्यें त्या पातळ पडद्यांतून पाण्यांत उतरत. १७ मार्च १९४३ रोजीं या यंत्राचा पहिला प्रयोग रोग्यावर झाला. सुरुवातीचे जवळजवळ सारेच रोगी दगावले. अखेर १९४५ च्या सप्टेंबरांत ६७ वर्षांची एक स्त्री शुद्धीवर येऊन बरी झाली. ही बाई शत्रूला सामील असल्याच्या आरोपावरून बंदींत होती. तिला वांचविण्यांत काय अर्थ, असें म्हणणारेहि गांवांत असतील, पण डॉक्टरांनीं व परिचारिकांनीं तो विचार मनास शिवूं दिला नाहीं. कोल्फ यांनीं १९४४ सालीं आपल्या यंत्राचें वर्णन करणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावर सहकाऱ्यांच्या नांवांत तेर वेल्ले या परिचारिकेचेंहि नांव आहे. त्या काळच्या वैद्यकीय निबंधांत परिचारिकेचें नांव येणें ही साधी गोष्ट नव्हे.

तथापि कोल्फ यांच्या यंत्रांत एक मोठी उणीव होती. प्रत्येक वेळीं नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि पांच-पंधरा वेळांनंतर हातापायांत जागाच उरत नसे. म्हणून तात्पुरता बिघाड झालेल्या रोग्यालाच त्याचा उपयोग होई. ही अडचण दूर झाली ती १९६० सालीं, अमेरिकेंतील सिॲटल शहरांत. डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं वेन क्विंटन या यंत्रज्ञाच्या साहाय्यानें टेफ्लॉनची वाकडी नळी तयार करविली. तिचें एक टोंक हाताच्या रोहिणींत व दुसरें निळेंत कायमचें बसवून ठेवावयाचें, अशी ती युक्ति. ९ मार्च १९६० रोजीं क्लाइड शील्ड्स या कारागिरास ती बसविण्यांत आली आणि तो पुढें ११ वर्षें जगला.

येथूनच परिचारिकेच्या कामाचें स्वरूप पालटलें. मरणाऱ्यास एकदां वांचविणें निराळें आणि तोच मनुष्य आठवड्यांतून दोनदां, दर वेळीं दहा-बारा तास, वर्षानुवर्षें यंत्राला जोडणें निराळें. इतका वेळ डॉक्टर कोठून बसणार? १९६२ च्या जानेवारींत सिॲटल येथें केवळ याच कामासाठीं रुग्णालयाबाहेरचें पहिलें केंद्र निघालें, तेव्हां नित्याचा उपचार परिचारिकांच्या हातीं देण्यांत आला. नळ्या जोडणें, रक्तदाब पाहणें, रक्त गोठूं नये म्हणून औषधाचें प्रमाण संभाळणें, हीं सारीं कामें त्या करूं लागल्या. कील नांवाच्या नॉर्वेजियन डॉक्टरानें तयार केलेलें यंत्र तेव्हां प्रचारांत आलें होतें. त्याच्या फळ्या प्रत्येक उपचारानंतर उकलून, धुऊन, त्यांत पातळ पडदे सुरकुती न पडतां पुन्हां बसवावे लागत. पडदा कोठें फाटला तर रक्त वाहून जाई. शुश्रूषेच्या शाळेंत शिकविलें जाणारें हें काम नव्हेच.

त्याच केंद्राच्या दुसऱ्या एका गोष्टीनें सर्व देशाचें लक्ष वेधून घेतलें. खाटा अवघ्या दोन-चार आणि मरणाच्या दारीं उभे असलेले रोगी कितीतरी. तेव्हां कोणास घ्यावें हें ठरविण्याकरितां सात जणांची एक समिति नेमली गेली. तींत वकील होता, धर्मोपदेशक होता, पेढीवाला होता, कामगारांचा पुढारी होता, एक गृहिणीहि होती. कोण विवाहित, कोणास मुलें किती, कोण समाजास उपयोगी, असल्या मापांनीं माणसें तोलण्यांत आलीं. ‘लाइफ’ साप्ताहिकानें नोव्हेंबर १९६२ मध्यें हें सर्व उघडकीस आणलें तेव्हां वाचकांच्या अंगावर शहारे आले. समितीच्या सभासदांस दोष देणें सोपें आहे. पण औषध थोडें व रोगी फार, अशी स्थिति असतां दुसरा कोणता न्याय करावयाचा, हें टीकाकारांनाहि सहजासहजीं सांगतां आलें नाहीं.

खाटा अपुऱ्या म्हणून १९६४ पासून रोग्याला घरींच यंत्र चालविण्यास शिकविण्याची प्रथा पडली. आतां परिचारिका शिक्षिका झाली. तिचे विद्यार्थी म्हणजे स्वतः रोगी, त्याची बायको, क्वचित् आई. शाळेंत मुलाचें गणित चुकलें तर पाटी पुसतां येते. येथें चूक झाली तर नळींत हवा शिरे आणि रोगी हातचा जाई. तरीहि सामान्य शिक्षणाच्या शेंकडों माणसांनीं ही विद्या आत्मसात केली, आणि याचें श्रेय शिकविणारणींस दिलेंच पाहिजे. १९६६ सालीं न्यूयॉर्क येथील चिमिनो व ब्रेश्शिया या डॉक्टरांनीं हाताची रोहिणी व नीला त्वचेखालींच एकमेकींस जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. बाहेरची नळी गेली, परंतु दर खेपेस दोन जाड सुया टोचण्याचें काम आलें. तें ज्या परिचारिकेस हळुवारपणें साधे, तिचीच वाट रोगी पाहात बसत. आजहि तसेंच आहे.

या धंद्यांत जिवाचा धोकाहि होता. रक्ताशीं नित्य संबंध येत असल्यामुळें सांसर्गिक काविळीनें केंद्रांत शिरकाव केला. १९६९-७० च्या साथींत एडिंबरा येथें रोग्यांबरोबर त्यांची सेवा करणारे कर्मचारीहि मृत्यु पावले. या काविळीची लस अमेरिकेंत १९८१ सालीं मान्य झाली, तोंवर हातमोजे, स्वच्छता आणि सावधपणा एवढाच आधार होता.

१९७१ च्या नोव्हेंबरांत एका रोग्यानें अमेरिकन कायदेमंडळाच्या समितीसमोर यंत्र लावून बसून साक्ष दिली. ३० ऑक्टोबर १९७२ रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं सही केलेल्या कायद्यानें १ जुलै १९७३ पासून जवळजवळ सर्व अशा रोग्यांचा खर्च सरकारनें उचलला. माणसें तोलणाऱ्या समित्यांची गरज संपली. सुमारें दहा हजार रोग्यांपासून हा आंकडा पुढें पांच लाखांच्या वर गेला, आणि मग प्रश्न उभा राहिला तो हातांचा. यंत्रें विकत मिळत, पण जाणत्या परिचारिका कोठून आणावयाच्या? केंद्रांत आलेली नवी मुलगी जुनीच्या शेजारीं उभी राहून शिके, आणि जुनीच्या खोडीहि तिच्याबरोबर शिके.

यांतूनच परीक्षेची कल्पना निघाली. या परिचारिकांनीं व तंत्रज्ञांनीं १९६९ सालीं आपली संघटना काढली होती. तंत्रज्ञ व परिचारिका या दोघांची परीक्षा घेणारें एक मंडळ १९७४ मध्यें स्थापन झालें, आणि केवळ परिचारिकांसाठीं निराळें मंडळ १९८७ मध्यें. आज या दुसऱ्या मंडळाच्या डायालिसिस-परिचारिकेच्या परीक्षेस बसावयाचें तर मागील दोन वर्षांत २००० तास प्रत्यक्ष काम केलेलें असावें लागतें, वरच्या परीक्षेस ३००० तास व पदवी लागते. प्रमाणपत्र जन्मभराचें नसतें. तीन वर्षांनीं तें नवें करून घ्यावें लागतें. ही अट फार शहाणपणाची आहे, आणि इतर कांहीं धंद्यांनीं ती उचलली तर बिघडणार नाहीं! गंमत अशी कीं, सरकारी नियमानें २००८ सालापासून तंत्रज्ञास कामावर लागल्यापासून १८ महिन्यांत प्रमाणपत्र मिळविणें सक्तीचें केलें. परिचारिकेवर मात्र तशी सक्ति नाहीं. उपचार चालूं असतां नोंदणी झालेली परिचारिका केंद्रांत हजर पाहिजे एवढेंच बंधन आहे. तिनें ही परीक्षा दिली तर ती आपखुषीनें देते, बहुधा दिवसभराचें काम उरकून, रात्रीं पुस्तक उघडून.

परीक्षेंत पाण्याविषयीं प्रश्न कां असतात, असें एखाद्यास वाटेल. एका उपचारास शंभराहून अधिक लिटर पाणी लागतें, आणि त्यांत जें असेल तें पडद्यांतून थेट रक्तांत उतरूं शकतें. पाण्यांतील ॲल्युमिनियममुळें रोग्यांची बुद्धि भ्रमिष्ट होऊन ते मरतात, हें १९७० नंतरच्या दशकांत उमगलें. १९९६ सालीं ब्राझिलांतील कारुआरू या गांवीं तलावांतील शेवाळ्यासारख्या सूक्ष्म जीवांचें विष पाण्याबरोबर केंद्रांत आलें आणि ५० हून अधिक रोगी यकृत बिघडून प्राणास मुकले.

आज उपचार बहुधा आठवड्यांतून तीनदां, चार-चार तासांचा असतो. एकाच रोग्याची व परिचारिकेची गांठ वर्षांतून दीडशें वेळां पडते. त्याच्या नातवाचें बारसें, मुलाची नोकरी, चोरून खाल्लेलें केळें, सर्व तिला ठाऊक असतें. केळ्याबद्दल ती रागावते, कारण त्यांतील पोटॅशियम हृदय बंद पाडूं शकतें. मूत्रपिंडाचें दान मिळून एखादा सुटतो. एखाद्या दिवशीं एखादी खुर्ची रिकामी राहते आणि कारण विचारावें लागत नाहीं. पहिली पाळी पुष्कळ ठिकाणीं उजाडण्यापूर्वींच सुरू होते. रोगी दारांत येण्याअगोदर पाण्याचा नमुना घेऊन त्यांत क्लोरामाइन उरलें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, वहींत वेळ व सही घालावयाची आणि मगच पहिल्या रोग्यास आंत बोलवावयाचें, अशी तेथील रीत आहे.