ब्राऊझर काढून पुन्हा टाकला, तरी जुनी सेटिंग तशीच? आधी प्रोफाइल फोल्डर बघा

सातबारा काढायला किंवा पीक विम्याचा अर्ज भरायला संगणक सुरू करावा, तर ब्राऊझर उघडताच भलतंच सर्च पान समोर येतं. पोर्टलवर क्लिक केलं की जाहिरातींची खिडकी उघडते. केंद्राबाहेर माणसं ताटकळलेली असतात. मग ब्राऊझर काढून टाकायचा आणि नव्याने टाकायचा, हा उपाय बरेच जण करतात. पण पुन्हा उघडलं की तेच पान हजर.

असं का होतं?

ब्राऊझरचे दोन भाग असतात. एक म्हणजे प्रोग्राम. दुसरा म्हणजे प्रोफाइल. होमपेज, बुकमार्क, सेव्ह केलेले पासवर्ड, कुकीज आणि एक्सटेन्शन हे सगळं प्रोफाइलमध्ये राहतं. अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्राम जातो, प्रोफाइल सहसा मागेच राहतं. नवा ब्राऊझर तेच प्रोफाइल उचलतो. ट्रॅक्टर नवा आणला, पण मागं वाकडा नांगर तोच जोडला, तर तास सरळ कसं पडणार?

आधी रिसेट करून बघा

पुष्कळदा ब्राऊझर काढायची गरजच पडत नाही. फायरफॉक्समध्ये मेनू, हेल्प, मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन असं गेलं की 'रिफ्रेश फायरफॉक्स' हे बटण दिसतं. क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये 'रिसेट सेटिंग्ज' आहे. दोन्हीत बुकमार्क आणि पासवर्ड राहतात. फायरफॉक्समधली एक्सटेन्शन निघून जातात, क्रोममधली बंद होतात.

तरीही काढायचाच असेल तर

१. पासवर्ड आणि बुकमार्क एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर घ्या. पासवर्डची ही फाइल कुणालाही उघडून वाचता येते, म्हणून काम झालं की लगेच डिलीट करा. क्रोमचा नुसता फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेला तर त्यातले पासवर्ड उघडत नाहीत. एक्सपोर्ट त्यासाठीच करायचं.

२. खात्याचं सिंक बंद करा. नाहीतर खराब एक्सटेन्शन आणि सेटिंग इंटरनेटवरून परत उतरतात.

३. ब्राऊझर बंद करून अनइन्स्टॉल करा. क्रोम काढताना ब्राउझिंग डेटाही काढायचा का, असा चौकोन येतो. त्यावर खूण केली नाही तर डेटा तसाच राहतो.

४. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. 'ॲपडेटा' हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन टाइप करा. 'रोमिंग' फोल्डर उघडतो. त्यात मोझिला, मग फायरफॉक्स. फायरफॉक्सचा दुसरा फोल्डर 'लोकल' मध्ये असतो. क्रोमचा डेटाही 'लोकल' मध्येच, गुगल, क्रोम, युजर डेटा या ठिकाणी मिळतो.

५. हे फोल्डर लगेच डिलीट करू नका. नावापुढे 'जुना' लिहा. नवा ब्राऊझर जुनं नाव शोधतो, ते सापडलं नाही की कोरं प्रोफाइल तयार करतो. चार दिवस सगळं नीट चाललं की जुना फोल्डर काढा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

जुना संगणक असेल तर थांबा

विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती चालते. अशा संगणकावर क्रोम काढला, तर नवीन आवृत्ती बसत नाही आणि काम अडतं. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही आवृत्ती मात्र या विंडोजवर चालते. म्हणून काढण्याआधी विंडोज कोणती आहे ते बघा.

एवढं करूनही भलतं पान आलंच, तर डेस्कटॉपवरच्या ब्राऊझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'टार्गेट' च्या ओळीत शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला असू शकतो, तेवढा पुसून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये अनोळखी प्रोग्राम आहे का, तेही बघा.

आणखी एक गोष्ट. केंद्रातला किंवा घरचा संगणक विकायचा असेल, तर नुसता ब्राऊझर काढून भागत नाही. मागे राहिलेल्या प्रोफाइलमध्ये गावातल्या लोकांचे लॉगिन आणि पासवर्ड असू शकतात. संगणक दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी ते फोल्डर रिकामे झालेत का, हे उघडून बघावं.