तळटीप १४ : जहाजामागच्या रंगीत पट्ट्या
या पट्ट्यांचा लेखकाने ओझरता उल्लेख केला आहे, पण त्या शोभेच्या नव्हेत. नामिबियाच्या समुद्रात हेक मासा पकडण्यासाठी आमिष लावलेले हजारो गळ एकाच लांबलचक दोरावरून सोडतात. दोर बुडण्याआधीच अल्बाट्रॉस आणि पेट्रेल त्या आमिषावर झेपावतात, गळाला अडकतात आणि पाण्याखाली ओढले जाऊन मरतात. एका हंगामात एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्यांना असे मरण परवडणारे नाही. जहाजाच्या मागच्या टोकाला उंच बांधलेल्या दोरावर लोंबणाऱ्या पट्ट्या गळ बुडेपर्यंत त्यांना दूर ठेवतात. मासेमारीचे काहीच नुकसान होत नाही, उलट आमिष वाचते. २०१५ साली नामिबियाने या पट्ट्या सक्तीच्या केल्या. २००९ मध्ये या गळांवर वर्षाला सुमारे २२,००० पक्षी मरत असल्याचा अंदाज होता. २०१८ मध्ये तो २१५ वर आला. हे पट्ट्यांचे दोर वॉल्व्हिस बे बंदरातल्या ‘मेमे इतुंबापो’ या महिलागटाने तयार केले, ही गोष्ट मूळ मजकुरात यायलाच हवी होती.
— संपादक